एमसीबी ट्रिप होत नाही, तरी लग जळतो: थर्मल कॅमेऱ्याने विजेचे दोष कसे सापडतात

जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) किंवा एखाद्या गोदामाला आग लागली की दुसऱ्या दिवशी पेपरात कारण ठरलेलं असतं: शॉर्ट सर्किट. खरं तर शॉर्ट सर्किट होतं तेव्हा दोन फेज एकमेकांना भिडतात, किंवा फेज न्यूट्रलला वा अर्थिंगला भिडतो. क्षणात शेकडो-हजारो अँपिअर वाहतात आणि ब्रेकर धडकन पडतो. त्या कामासाठीच तो बसवलेला असतो. पण बऱ्याच आगींची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी, एका ढिल्या जोडातून होते. हा दोष ब्रेकरला दिसतच नाही. जोड ढिला असला तरी करंट काही वाढत नाही. मोटर 130 अँपिअर मागते, तर त्या जोडातूनही 130 अँपिअरच जातात. एमसीबी, एमसीसीबी (दोन्ही ब्रेकरचेच प्रकार), फ्यूज ही सगळी मंडळी करंट मोजणारी, जोडाची तब्येत त्यांना कळत नाही.

थोडं गणित करून पाहू, कारण इथेच सगळा विषय आहे. शेतातल्या 100 केव्हीएच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पूर्ण लोड असेल तर एलटी (कमी दाबाच्या) बाजूला प्रत्येक फेजला साधारण 133 अँपिअर वाहतात. लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेला धातूचा जोडतुकडा, नीट क्रिम्प केलेला (दाबून बसवलेला) आणि बोल्ट नीट आवळलेला असेल तर त्या जोडाचा रोध ओहमच्या लाखाव्या भागांतच मोजावा लागतो. तो 50 मायक्रोओहम धरला तरी तिथे जेमतेम एक वॅट उष्णता तयार होते. हाच जोड खराब होऊन त्याचा रोध एक मिलिओहम झाला, म्हणजे ओहमचा हजारावा भाग, तर उष्णता होते सुमारे 17 ते 18 वॅट. आकडा लहान वाटेल, पण रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडचा छोटा सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचा असतो आणि त्याने कथील वितळतं. जवळजवळ तेवढीच उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत, रात्रंदिवस. आणि त्या जोडावर व्होल्टेज किती पडतं? 0.13 व्होल्ट. कुठलाही व्होल्टमीटर लावा, 415 च्या ठिकाणी 415च दिसेल. मशीन चालू, दिवे लख्ख, मीटर ठीक, आणि आत लग भाजतोय.

पुढे हे वाढतच जातं. गरम झालेला धातू प्रसरण पावतो, रात्री लोड कमी झाला की आकसतो. अॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं आणि पोलादी बोल्टच्या तर जवळजवळ दुप्पट. रोजच्या या फुगण्या-आकसण्यात बोल्टचा दाब कमी होतो. उघड्या झालेल्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर बसतो. अॅल्युमिनियमचा ऑक्साइड विजेला वाट देत नाही, म्हणून रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते, थर आणखी जाड होतो. असा जोड आपोआप कधीच बरा होत नाही. त्यात जिनिंगचं वातावरण डोळ्यांसमोर आणा. जामनेर, बोदवड, धरणगाव, चोपडा, कुठल्याही जिनिंगमध्ये पॅनेलचं दार उघडलं तर बसबारवर (वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्टीवर) सरकीच्या बारीक तुसांची पांढरी साय बसलेली असते. त्या तुसांना पेटायला ज्वाळा लागत नाही, पुरेसा तापलेला लग आणि एखादी ठिणगी बास होते.

मग हा दोष शोधायचा कसा? हात लावून बघता येत नाही, मीटर सांगत नाही, जळका वास येण्याआधी डोळ्यांना काही दिसत नाही. पण त्याची एक खूण लपत नाही, ती म्हणजे उष्णता. आणि उष्णता लांबून पाहता येते.

सर विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने 1800 साली सूर्यप्रकाश लोलकातून पाडला आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सर्वांत वर चढला. हा अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड प्रकाश. नंतर कळलं की प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानानुसार असा प्रकाश सतत बाहेर टाकत असते: तुम्ही, मी, भिंत, बर्फसुद्धा. वस्तू जितकी तापलेली तितका हा प्रकाश जास्त, आणि वाढ साधीसुधी नाही, निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातात. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 0.4 ते 0.7 मायक्रॉन. तापलेल्या लगाचा प्रकाश मुख्यतः 8 ते 14 मायक्रॉनच्या पट्ट्यात येतो आणि विजेच्या कामाचे बहुतेक थर्मल कॅमेरे तोच पट्टा पाहतात.

या पट्ट्याला साधी काच आरपार जाऊ देत नाही. म्हणून थर्मल कॅमेऱ्याची लेन्स काचेची नसून जर्मेनियमची असते, आणि त्यामुळेही तो महाग पडतो. आत एक सेन्सर असतो, हजारो अतिसूक्ष्म ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपका येणाऱ्या उष्णतेने किंचित तापतो, त्याचा रोध बदलतो, आणि त्या बदलावरून चित्र तयार होतं. चांगला कॅमेरा अंशाच्या विसाव्या भागाएवढा फरकही ओळखतो. चित्रातले जांभळे-पिवळे-पांढरे रंग मात्र कॅमेऱ्याने नंतर भरलेले असतात. पांढरा दिसला म्हणजे धोका असं नाही. त्या चित्रातली सर्वांत गरम जागा फक्त 40 अंशांवर असेल तरी ती पांढरीच दिसणार. रंगावर घाबरू नका, बाजूची पट्टी वाचा.

काचेचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पॅनेलच्या काचेच्या किंवा अॅक्रिलिकच्या झाकणातून कॅमेरा रोखला तर आतला लग दिसत नाही, काचेत तुमचंच प्रतिबिंब दिसतं. बाहेरून फोटो काढून 'सगळं ठीक' असा रिपोर्ट कुणी दिला तर तो पॅनेलचा रिपोर्ट नव्हेच. मोठ्या कारखान्यांत दारालाच खास इन्फ्रारेड खिडकी बसवून घेतात, तिचा स्फटिक वेगळा असतो.

आकडा फसवतो, तुलना फसवत नाही

थर्मल कॅमेरा तापमान मोजत नाही. तो येणारा इन्फ्रारेड प्रकाश मोजतो आणि त्यावरून तापमानाचा हिशेब करतो. हिशेबात एक गोष्ट त्याला आपण सांगावी लागते: समोरची वस्तू हा प्रकाश किती प्रमाणात बाहेर टाकते. याला एमिसिव्हिटी म्हणतात. काळी इन्सुलेशन टेप, रंगवलेला पत्रा, रबर, प्लॅस्टिक यांची एमिसिव्हिटी 0.9 च्या वर. घासून चकचकीत केलेल्या तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची 0.1 पेक्षाही कमी. म्हणजे चकचकीत बसबार 90 अंशांवर तापला तरी स्वतःचा प्रकाश फारसा टाकत नाही. त्यावरून येतो तो बाहेरचा परावर्तित प्रकाश: छताच्या तापलेल्या पत्र्याचा, समोर उभ्या असलेल्या माणसाचा. नव्या, चकाकत्या बसबारवर कॅमेरा 38 दाखवत असेल तर तो बहुधा तुमच्याच अंगाचं तापमान दाखवतोय.

उघड्यावर तर याहून विचित्र दिसतं. भुसावळच्या उन्हाळ्यात संध्याकाळी डीपीच्या चकचकीत नव्या जंपरवर (जोडतारेवर) कॅमेरा शून्याच्या खालचा आकडा दाखवू शकतो. धातूत निरभ्र आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि कॅमेऱ्याच्या दृष्टीने आकाश अतिशय थंड असतं. यातलं काहीही कॅमेऱ्याचा बिघाड नाही.

म्हणून जाणकार माणूस धातूवर नेम धरत नाही. तो लगाला लागून असलेल्या केबलच्या इन्सुलेशनवर, हीट-श्रिंक स्लीव्हवर, बोल्टच्या काळवंडलेल्या डोक्यावर किंवा दोन नटांमधल्या खाचेत पाहतो. शटडाउन मिळत असेल तर बसबारवर काळ्या टेपचे छोटे तुकडे आधीच चिकटवून ठेवतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, तो एकाच आकड्यावर निकाल देत नाही. थ्री फेजमध्ये निसर्गानेच आपल्याला तीन भावंडं दिली आहेत: तेच मटेरियल, तोच आकार, तीच हवा. त्यांच्यातला फरक बघायचा.

जिनिंगच्या मेन पॅनेलचं एक चित्र घ्या. आर फेजचा लग 51 अंश, वाय फेजचा 88, बी फेजचा 52. टाँग टेस्टरने (केबलभोवती चिमट्यासारखा धरायच्या करंट मीटरने) करंट पाहिला तर तिन्हीत जवळजवळ सारखा. आता वाय फेजची केबल लगापासून खाली खाली पाहत जा: 88, मग 74, मग 63, आणि वीतभर खाली 54. ही उतरण म्हणजे दोष नेमका जोडात आहे याची सही आहे. उष्णता तिथे जन्मते आणि तांब्यातून दोन्हीकडे वाहून विझत जाते. हेच चित्र वेगळं असतं आणि अख्खी केबल वरपासून खालपर्यंत सारखीच तापलेली असती, तर जोडाला दोष देऊन उपयोग नव्हता. तिथे लोड जास्त आहे किंवा केबल बारीक पडतेय. तिन्ही फेज सारखेच गरम असतील तर एकूण लोड आणि पॅनेलमधली हवा पाहायची. एकच केबल गरम आणि टाँग टेस्टरवर तिचा करंटही जास्त असेल तर लोडचं वाटप असमान आहे. आणि तिघांपैकी एक चक्क थंड असेल तर खूश होऊ नका, तो फ्यूज उडालेला असतो आणि उरलेल्या दोन फेजवर मोटर जळायच्या वाटेवर असते.

न्यूट्रलही पाहायला विसरू नये. जिथे कॉम्प्युटर, एलईडी, ड्राइव्ह जास्त आहेत तिथे हार्मोनिक्समुळे (करंटच्या बिघडलेल्या लहरींमुळे) न्यूट्रलमध्ये अपेक्षेपेक्षा खूप करंट जमतो. कधीकधी जोड उत्तम असतो, तरी केबल पॅनेलमध्ये शिरते ती लोखंडी प्लेटच तापलेली दिसते. सिंगल कोअर केबल एकेका भोकातून लोखंडातून नेली की त्या लोखंडात भोवरा-प्रवाह तयार होतात. तिथे कितीही बोल्ट आवळा, फरक पडणार नाही. प्लेट अॅल्युमिनियमची हवी.

फरक किती असला तर चिंता करायची? अमेरिकेतल्या नेटा या चाचणी संघटनेचं कोष्टक जगभर वापरतात. सारख्या लोडवरच्या सारख्या भागांत 1 ते 3 अंशांचा फरक असेल तर शंका घ्या आणि तपासा. 4 ते 15 असेल तर दोष असण्याची शक्यता जास्त, सोयीने दुरुस्ती करा. 15 च्या वर असेल तर थांबू नका. वरच्या उदाहरणात फरक 36 अंशांचा आहे. असं पॅनेल सीझन संपेपर्यंत ढकलायचं नसतं.

लोड नसेल तर फोटो कोरा

इथे आपल्याकडे सर्वांत जास्त गफलत होते. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात तयार होते. लोड निम्मा केला की उष्णता पाव होते. 40 टक्के लोडवर एखाद्या जोडाचा फरक 10 अंश दिसत असेल, तर पूर्ण लोडवर हिशेबाने तो सव्वासहा पट, म्हणजे साठीच्या घरात जातो. प्रत्यक्षात थोडा कमी, कारण जास्त तापलेली वस्तू उष्णता बाहेरही जास्त वेगाने टाकते. पण अर्थ तोच: 10 अंश दिसले म्हणून 'किरकोळ' लिहिणं चुकीचं. 40 टक्क्यांपेक्षा कमी लोडवर पाहणी करूच नये असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि रिपोर्टमध्ये प्रत्येक फोटोसोबत त्या वेळचा करंट लिहिलेला नसेल तर तो रिपोर्ट परत करावा.

म्हणून जिनिंगची पाहणी दिवाळीनंतर, कापूस ऐन भरात येत असताना, सगळ्या मशीन चालू असताना. जळगावच्या डाळ मिलांची त्यांच्या सीझनमध्ये. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातल्या डीपींची मार्च ते मे, बागांना पाणी चालू असताना. पावसाळ्यात बंद पडलेल्या जिनिंगमध्ये कॅमेरा फिरवून काही हाती लागत नाही.

खान्देशाच्या उन्हाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि तो पुण्या-नाशिकच्या अनुभवावर मांडता येत नाही. केबलची क्षमता कंपन्या साधारणपणे हवा 40 अंश धरून छापतात. पीव्हीसी इन्सुलेशनची कायमची मर्यादा 70 अंश. म्हणजे करंटमुळे तापायला 30 अंशांची जागा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद पत्र्याच्या पॅनेलमध्ये हवा सहज 50 च्या वर जाते. जागा उरली 20 अंशांची. तेवढ्यात बसायचं तर 100 अँपिअरच्या केबलमधून फक्त 82 च्या आसपास न्यावे लागतात. जोड जानेवारीत जसा होता तसाच मेमध्ये असेल, तरी तो आता धोक्याच्या हद्दीत गेलेला असतो. इन्सुलेशनचा जुना अंदाज असा की दर 10 अंश जास्त तापमानाला आयुष्य निम्मं होतं. हिवाळ्यात तपासलेल्या पॅनेलला मेसाठी हवेच्या तापमानातला फरक मनात मिळवूनच निकाल द्यायला हवा. मला वाटतं आपल्या भागातल्या प्रत्येक मेंटेनन्सवाल्याने हे एवढं तरी वहीत लिहून ठेवावं.

उघड्यावरच्या उपकरणांना दिवसा ऊनच इतकं तापवतं की दोष त्यात बुडून जातो. म्हणून सबस्टेशन, खांबावरचे एबी स्विच आणि डीओ फ्यूज, जंपर हे सूर्यास्तानंतर तासा-दीड तासाने किंवा पहाटे पाहावेत, मात्र त्या वेळी फीडरवर लोड हवा. शेतीच्या फीडरला रात्रीची पाळी असेल तर ती वेळ उत्तम. वारा सुटला असेल तर जोड थंड दिसतात, म्हणून वाऱ्यातली पाहणी पुढे ढकलावी. अंतराचंही भान हवं. लहान रिझोल्यूशनचा कॅमेरा जमिनीवरून खांबावरच्या क्लॅम्पवर धरला तर तो क्लॅम्प एका ठिपक्यातही मावत नाही, त्याचं तापमान शेजारच्या थंड आकाशाशी मिसळून कमीच दिसतं.

ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत थंडपणा वाचायला शिकावं लागतं. तेल तापून वर येतं, फिन्समधून उतरताना गार होतं. वर गरम, खाली थंड, हे निरोगी चित्र. एखादी फिनच अख्खी थंड असेल तर तिच्यात तेल फिरत नाही: ती चोंदलेली आहे किंवा तेलाची पातळी खाली गेली आहे. तेलचोरीचा त्रास असलेल्या गावांत हे चित्र डीपी जळण्याच्या आधी इशारा देतं. लाइटनिंग अरेस्टरवर (आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या उपकरणावर) मात्र दोन-चार अंशांचा फरकही गंभीर समजतात, कारण आतली उष्णता जाड आवरणातून बाहेर येता येता फार थोडी उरते.

सोलर पॅनेलचं वेळापत्रक उलटं. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा प्रकल्प आहे, आणि आता गावोगाव छपरांवरही पॅनेल दिसतात. यांची पाहणी भर उन्हात करायची, चौरस मीटरला किमान 600 वॅट ऊन असताना. एखाद्या सेलवर पक्ष्याची विष्ठा किंवा झाडाची सावली पडली की तो सेल वीज बनवायच्या ऐवजी इतरांची वीज खाऊन तापतो. कॅमेऱ्यात तो एकच चौकोन उठून दिसतो. पॅनेलचा तिसरा हिस्सा सारखाच गरम दिसला तर बायपास डायोडकडे (अडलेल्या सेलना वळसा देणाऱ्या भागाकडे) पाहावं.

स्वस्तात काम होईल का, असं पुष्कळ जण विचारतात. टेम्परेचर गन त्याच तत्त्वावर चालते, पण एकच आकडा देते. लाल ठिपका फक्त नेम दाखवतो. 12:1 लिहिलेली गन एक मीटरवरून 8 सेंटिमीटरच्या वर्तुळाची सरासरी काढते, त्यात दोन सेंटिमीटरचा तापलेला लग हरवून जातो. कोविडच्या काळातली कपाळाची गन तर अंगाच्या तापाभोवतीच मोजते. आणि साध्या मोबाइलवर 'थर्मल' नावाचं अॅप घेतलं तर ते फक्त रंग बदलतं. आत तो सेन्सरच नसतो. फोनला जोडायचा खरा थर्मल सेन्सर वेगळा विकत मिळतो, घरगुती पॅनेलसाठी तो चालतो.

पाहणी चालू लाइनवर, उघड्या पॅनेलसमोर होते, म्हणून हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचं. दार उघडताना आर्क (हवेतून उडणारा विजेचा झोत) पडला तर त्याचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त असतं. फेस शिल्ड, आर्क-रेटेड कपडे आणि सोबत दुसरा माणूस, यात तडजोड नको. शेतकरी बंधूंनी डीपीवर जंपर ठिणग्या टाकताना दिसला, तर काठीने हलवून बघू नये, वर चढू नये. वायरमनला कळवावं आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवावा.

दोष सापडल्यावर पान्याने बोल्ट आणखी आवळून मोकळं होणं ही आपल्याकडची रूढ दुरुस्ती, आणि ती टिकत नाही. भाजलेल्या लगावर ऑक्साइड बसलेला असतो, स्प्रिंग वॉशरचा ताण गेलेला असतो, अॅल्युमिनियम जास्त आवळलं तर ते दबून पुन्हा ढिलं होतं. सप्लाय बंद करून, टॅग लावून, टेस्टरने खात्री करून जोड पूर्ण उघडावा. केबल चांगल्या तांब्या-अॅल्युमिनियमपर्यंत मागे कापावी, नवा लग योग्य मापाच्या डायने क्रिम्प करावा. तांब्याच्या बसबारला अॅल्युमिनियमची केबल असेल तर बायमेटॅलिक (दोन धातूंचा) लग घ्यावा, कॉन्टॅक्ट पेस्ट लावावी, आणि बोल्ट टॉर्क रेंचने सांगितलेल्या मापापर्यंतच आवळावा. मग मशीन चालू करून करंट पहिल्या फोटोच्या वेळेइतका आला की त्याच जागेवरून, त्याच एमिसिव्हिटीवर दुसरा फोटो घ्यावा. तिन्ही फेजमध्ये दोन-तीन अंशांच्या आत फरक आला तरच बिल पास करावं.